सहा मोजणारे शेंडे

दिनांक १२ ऑगस्ट १९७३, रविवार. रक्कम पंचवीस रुपये. देणार माझे भाडेकरू पुंडलिकराव शेंडे, घेणार शेजारचे मारोतराव बावणे. हजर मी आणि माझी पत्नी इंदू. कारण असे की दोन घरांमधली पडकी भिंत मारोतरावांनी आणखी तीन आठवडे पाडू नये आणि तिच्यावरच्या कृष्णकमळाच्या वेलीला हात लावू नये. पैसे घेताना मारोतरावांच्या दंडावर शेंड्यांच्या दातांचे व्रण होते आणि शेंड्यांच्या टाळूवर मारोतरावांच्या काठीचे चार टाके. दोघांनी एकमेकांना रामराम केला नाही.

शेंडे १९६६ साली माझ्याकडे राहायला आले. शहरातल्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळा परिचर होते. खोली बघायला आले तेव्हा त्यांची डावी भुवई फुटलेली होती आणि शर्टाच्या कॉलरवर रक्त वाळले होते. मी विचारले तर म्हणाले, "सायकलवाला होता एक. त्याचं जास्त फुटलं." इंदू म्हणाली, असल्या माणसाला खोली देऊ नका. मी सरकारी कचेरीत हिशेब तपासण्याचे काम करतो. मी त्यांना भाडे सांगितले, त्यांनी खिशातून ते मोजून काढले, पुन्हा एकदा मोजले आणि तिसऱ्यांदा मला मोजायला लावले. मी खोली दिली.

तेव्हा आमची वस्ती म्हणजे नागपूर शहराचे शेवटचे टोक होते. आज ज्याला मनीषनगर म्हणतात त्या बाजूला शेते होती आणि बेसा हे खरोखरीचे खेडे होते.

माणूस बुटका, खांद्याने रुंद. उजव्या हाताची मधली दोन बोटे वळत नसत. त्या बोटांचे कारण ते दर वेळी वेगळे सांगत, पण प्रत्येक कारणात एक भिंत आणि एक ठोसा असे. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली येत असे. आवाज अगदी खाली आला की आसपासच्या माणसांनी दोन पावले मागे सरकायचे, हे मी आणि इंदू पहिल्या वर्षातच शिकलो. त्यांना न मोजता बोललेले खपत नसे. "दहा-बारा लोक होते" असे कुणी म्हटले की ते विचारत, "दहा का बारा?" त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "किस्से नोको सांगू, मोज."

कॉलेजात एका विद्यार्थ्याने दाबून वाळवलेल्या नमुन्याची पाकळी गंमत म्हणून खुडली. शेंड्यांनी नमुने दाबायची लाकडी फळी उचलून त्याच्या हातावर मारली. मनगट मोडले. कॉलेजने शेंड्यांना पंधरा दिवस घरी बसवले, ते बसले. मी म्हटले, "शेंडे, पोराचा हात मोडला तुम्ही." ते म्हणाले, "त्या कागदावर सन एकोणीसशे अकरा लिहून होतं, बाबूजी. पोराचा हात दीड महिन्यात जुळते. ते पाकळी सांगा कधी जुळते."

बायकांवर आणि लहान मुलांवर मात्र त्यांनी कधी हात टाकला नाही. त्यांच्यावर राग आला की ते भिंतीला मारत. श्रावणात इंदूच्या मावशी आल्या होत्या. त्यांनी देवळातून आणलेले कृष्णकमळ ताटात ठेवून आम्हाला सांगायला सुरुवात केली: हे बाहेरचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, हे आतले पाच दांडे म्हणजे पांडव, मध्ये कृष्ण. शेंडे दारातून म्हणाले, "मोजले का?" मावशी म्हणाल्या, "मोजायचं काय त्यात? शंभरच असतात." शेंडे खाली बसले, इंदूकडून सुई घेतली आणि तंतू मोजले. चौऱ्याऐंशी निघाले. मावशी हसून म्हणाल्या, "मग सोळा युद्धात मेले असतील." शेंड्यांचा आवाज खाली आला. ते उठून अंगणात गेले आणि न्हाणीघराच्या भिंतीवर असा ठोसा मारला की गिलावा निघाला आणि विटेवर रक्त राहिले. पुढच्या रविवारी चुन्याची बादली आणून त्यांनी स्वतःच ती भिंत पांढरी केली. मावशी पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत.

एका फुलावरून एवढे काय, असे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी वडिलांची हकिकत सांगितली. ती एकदाच सांगितली, न थांबता.

त्यांचे वडील झिंगरूजी हे कुहीकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बागेत माळी होते. विहिरीजवळ कृष्णकमळाची एक वेल होती. "मालकाकडे नागपूरचे साहेबलोक आले होते. मालक फूल दाखवून सांगून राहिला होता, हे कौरव, हे पाच पांडव. माहा बाप टोपलं घेऊन उभा. भोळा मानूस. म्हणाला, मालक, सहा हायेत. साहेबानं मोजले. सहाच निघाले. साहेब हासला, मालक बी हासला. साहेब गेल्यावर बापाले रहाटाच्या खांबाले बांधलं."

"मग?"

"ओल्या दोरानं मारलं. एकतीस." ते बोलता बोलता स्वतःची बोटे बघत होते. "मी नऊ वर्षांचा होतो. मोजन्याशिवाय काय करनार होतो जी? त्याच दिवशी वेल उपटून जाळली. बाप त्यानंतर दोन पावसाळे जगला. थुंकीत रक्त येत होतं. मरेपर्यंत तो त्या वेलीले कर्णफूल म्हने. काहून म्हने, ते नाई सांगितलं त्यानं."

विभागाच्या कपाटात त्यांना पुढे एक जुनी यादी सापडली होती. त्या मालगुजाराच्या बागेतली झाडे कुणीतरी पूर्वी लिहून ठेवली होती. तीत एक ओळ होती: कर्णफूल, वेल, विहिरीजवळ, इतरत्र आढळत नाही. शेंडे ती घेऊन विभागाच्या देवस्थळे सरांकडे गेले. सर सज्जन होते, पण काटेकोर. ते म्हणाले, "शेंडे, कर्णफूल म्हणजे कानातलं. ही कुठली तरी लोंबत्या फुलांची वेल असणार. कृष्णकमळ कानातल्यासारखं दिसतं का?" शेंडे म्हणाले, माझ्या बापाची आहे. सर म्हणाले, "म्हणूनच तुमची साक्ष मला धरता येत नाही." पाच पांडवांच्या जागी सहा पुंकेसर असल्याची गोष्ट त्यांनी हसण्यावारी नेली नाही, पण अटी दोन घातल्या. जिवंत वेल दाखवायची आणि तिची ओळीने पन्नास फुले मोजून दाखवायची, कारण एखाद्या फुलात सहा निघणे म्हणजे सहा बोटांचे मूल, त्याला जात म्हणत नाहीत. दुसरी अट, त्या गावचा दुसरा कोणी माणूस हवा, जो तिला त्याच नावाने ओळखेल.

शेंडे दोनदा त्या गावी गेले. मालगुजारी गेली होती, मालकाचे पुतणे होते. पहिल्यांदा त्यांना हाकलले. दुसऱ्यांदा ते परतले तेव्हा त्यांच्या दोन फासळ्यांना तडा होता. गावातल्या एकाही पुरुषाने तोंड उघडले नाही. सात वर्षांत मी त्यांना दुसऱ्या कशासाठी रजा घेताना पाहिले नाही.

आणि वेल निघाली आमच्या मागच्या भिंतीवर.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, शेंडे न्हाऊन बाहेर आले, भिंतीवर पहिल्यांदाच उमललेले फूल त्यांना दिसले आणि ते उघड्या अंगाने मारोतरावांच्या भिंतीवर चढले. मारोतराव वीटभट्टीवर मुकादम होते, हात आणि तोंड दोन्हीने जड. त्यांना वाटले चोर. त्यांनी काठी घातली. मी धावत गेलो तेव्हा शेंड्यांच्या डोक्यातून रक्त नाकावर येत होते, एका हातात त्यांनी फूल धरले होते आणि दुसरा हात वर करून म्हणत होते, "थांब गा, थांब! मारजो मंग. पयले मोजू दे."

"काय मोजतं बे? माह्या घरात घुसून काय मोजतं?"

"सहा हायेत, मारोतराव! सहा!"

मारोतरावांनी दुसरी काठी उगारली तेव्हा शेंड्यांनी त्यांच्या दंडाला चावा घेतला, पण फूल सोडले नाही. मारोतरावांची बायको सुमनबाई दाराशी उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता. ती हसत होती की घाबरली होती, मला कळले नाही. तिच्याकडे आमच्यापैकी कुणी नीट पाहिलेही नाही. वेल कुठून आणली, असे शेंड्यांनी नंतर मारोतरावांनाच विचारले. ते म्हणाले, "आपोआप आली. कचरा हाय, भिंतीसंगं जाईल." त्यांना तिथे एक खोली काढायची होती.

त्यातून तो पंचवीस रुपयांचा करार झाला.

त्यानंतर रोज दहाला फुले उमलली की मोजणी होई. फूल एकच दिवस टिकते, संध्याकाळी मिटते, म्हणून चुकवून चालत नसे. शेंडे भिंतीच्या अलीकडून सुईने दाखवत, मी वहीत लिहून ऑफिस गाठी. साहेबांनी उशिराबद्दल दोनदा बोलून घेतले. कधी दोन फुले, कधी तीन. शनिवार १ सप्टेंबरपर्यंत शेहेचाळीस झाली. त्यांतली चव्वेचाळीस सहाची, दोन पाचची. पहिले पाचचे निघाले तेव्हा मी थांबलो. शेंडे म्हणाले, "लिहा. खोटं लिहिलं तं मालकात अन् माह्यात फरक काय?" रविवारी पाच कळ्या उमलायच्या होत्या. सरांना रविवारी साडेदहाला बोलावले होते.

पण बातमी पानठेल्यावर गेली होती. शेंड्यांनी सहाव्या पुंकेसराची गोष्ट कुणाला तरी समजावून सांगितली आणि कुणीतरी म्हणाले, पाच पांडव म्हटल्यावर सहावा कर्ण. बस, एवढे पुरले. शनिवारी संध्याकाळी मारोतराव पान घ्यायला गेले तर ठेलेवाला म्हणाला, "काय मारोतराव, घरी कर्ण आला म्हने! कोन्या सूर्याचा हाय?" बाकीचे हसले. "वेल बायकोनं लावली का गा? लग्नाआधीचीच असंन मंग."

रविवारी सकाळी सात वाजता आम्हाला सुमनबाईचे ओरडणे ऐकू आले. तिने सांगितले होते की वेल तिनेच माहेरून आणली. त्यावर मारोतरावांनी तिला चुलीजवळच्या फुकणीने मारले. मग विळा घेऊन ते भिंतीकडे आले. मी आणि शेंडे पोचलो तेव्हा वेल बुडाशी तोडून झाली होती आणि ते पायाने तिचा चेंदा करत होते.

शेंडे ओरडले नाहीत. ते भिंतीवरून पलीकडे गेले. मारोतरावांनी विळा चालवला तो शेंड्यांनी डाव्या हाताने पात्याकडूनच धरला. तळवा हाडापर्यंत चिरला. उजव्या हाताने, त्या न वळणाऱ्या बोटांनी, त्यांनी मारोतरावांच्या तोंडावर एकच ठोसा मारला. दोन दात बाहेर आले. मारोतराव खाली बसले, तेव्हा शेंड्यांनी त्यांची मान धरून डोके भिंतीवर आपटले, एकदा आणि दुसऱ्यांदा. मी मागून कमरेला मिठी मारली तरी माझ्यासकट ते हलत होते. तिसऱ्यांदा डोके मागे खेचले तेव्हा सुमनबाई मध्ये आली. तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता आणि ओठ सुजला होता.

"सोडा त्याले," ती म्हणाली. "मरन ना तो. मंग मलेच रांडमुंड म्हनतीन."

शेंड्यांनी मान सोडली. ते तिच्या डोळ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बाई, हे माह्या मोजन्यानं झालं."

तिने जमिनीवरची वेल उचलली आणि तोडलेले टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. इंदूने शेंड्यांच्या तळव्याला धोतराची चिंधी गुंडाळली. दवाखान्यात चला म्हटले तर ते म्हणाले, सर येऊ द्या.

सर साडेदहाला आले. एका बाजूला मारोतराव दोन दात मुठीत घेऊन बसलेले, दुसऱ्या बाजूला शेंडे, चिंधीतून रक्त ठिबकते आहे, आणि मध्ये बादली. दोन कळ्या पायाखाली गेल्या होत्या. तीन बादलीत उमलल्या. तिन्ही सहाच्या. सरांनी भिंगातून स्वतः मोजले.

"एकूण?"

मी वही उघडली. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले आहेत. तरी खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडात पन्नास आले होते.

"एकोनपन्नास," शेंडे म्हणाले.

सरांनी भिंग खिशात ठेवले. "एकाने मी अडून बसलो नसतो, शेंडे. पण दुसऱ्या अटीचं काय? ही वेगळी जात आहे, हे मी मान्य करतो. यादीतलं कर्णफूल हीच, हे कोण सांगणार?"

"हे?" सुमनबाई म्हणाली. ती बादलीशी बसून पाय लागलेली पाने खुडत होती. "याले काय मोजून राहिले सकाळपासून? हे कर्णफूल तं हाय."

सर तिच्याकडे वळले. "कानातल्यासारखं कुठे दिसतं हे, बाई?"

"कानातलं नाई, साहेब. कर्ण. सहावा." सुजलेल्या ओठाने तिला नीट बोलता येत नव्हते, तरी ती थांबली नाही. "आमच्या गावच्या मालकाकडे होतं. एका माळ्यानं सहा मोजले म्हून मालकानं त्याले रहाटाले बांधून मारलं. झिंगरू नाव होतं त्याचं. वेल जाळली, पन माही आजी धुनं न्यायले तिथं होती, तिनं फांदी लुगड्यात लपवली. मालकाच्या कानावर कर्ण गेला तं चामडी लोळवन, म्हून बाया कर्णफूल म्हनत. कोनी विचारलं तं सांगायचं, कानातलं वं, दुसरं काय. आमच्याकडे चार घरी हाय अजून. परसात. बाप्यांले काय मालूम."

झिंगरू हे नाव मी शेंड्यांखेरीज कुणाच्याही तोंडून कधी ऐकले नव्हते, आणि मी ते कुणाला सांगितले नव्हते.

शेंडे उभे होते ते बादलीशी, तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी एकच विचारले, "आजीनं मार पाह्यला होता?"

"हो. अन् तो माळी ओरडला नाई म्हने. त्याचं पोरगं बाजूनं उभं राहून मोठ्यानं आकडे म्हनत होतं, तेच सगळ्या गावानं ऐकलं."

सरांनी तिन्ही फुले दाबायच्या कागदात घेतली आणि तिथेच अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली चिठ्ठी लिहिली. स्थानिक नाव, कर्णफूल. ओळख पटली. माहिती देणार, सुमनबाई बावणे. शेंड्यांनी ती वाचली आणि मान डोलावली.

दुपारी शेंड्यांच्या तळव्याला अकरा टाके घालून आम्ही, वेल बरोबर घेऊनच, पोलीस चौकीत गेलो. मारोतरावांनी तक्रार दिली होती, ते आणि सुमनबाई तिथे बसलेले होते. हवालदार म्हणाला, दोघांचेही रक्त निघाले आहे, दातांचे पैसे घ्या आणि मिटवा. दोन दातांचे ऐंशीप्रमाणे एकशे साठ ठरले. शेंड्यांना उजव्या हाताने नोटा मोजता येईनात, मी मोजल्या. मारोतरावांनी त्या घेतल्या आणि शेंड्यांच्या अंगावर फेकल्या. "मले पैसे नाई पाह्यजे. मले याचे दात पाडू द्या."

नोटा जमिनीवर पसरल्या. शेंड्यांचा आवाज खाली गेला होता, "उचल" एवढेच ऐकू आले, आणि हवालदार उठून उभा राहिला. तेवढ्यात सुमनबाई खाली वाकली. तिने एकेक नोट उचलली, मोजली, पदराच्या गाठीत बांधली.

"अवं, काय करून राहिली?" मारोतराव म्हणाले.

"तुमचे दोन दात, त्याचे एकशे साठ," ती म्हणाली. "माह्या अंगावर तं मोजाले जागा नाई. तुमाले नोको, तं मी घेते. मी माहेरी जाऊन राहिली." मारोतराव उठले, हवालदाराने त्यांना खांद्याला धरून परत बाकावर बसवले. शेंड्यांचाही हात वर आला होता. तो त्यांनी पाठीमागे नेला आणि तिथेच धरून ठेवला.

ती बाहेर पडली. शेंडे तिच्या मागे चार पावले अंतर ठेवून चालत गेले, कुहीच्या एसटीकडे. काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वेल, डावा हात छातीशी बांधलेला. त्यांच्या अंगावर सकाळचाच रक्ताळलेला सदरा होता आणि रस्त्यावरचे लोक बाजूला होत होते. त्यांनी वळून पाहिले नाही. त्या महिन्याअखेर मी कचेरीत असताना त्यांनी खोली सोडली.

चौकीत मला पोचपावती लिहायची होती. देणाऱ्याचे पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा लिहिले. पुंडलिक झिंगरूजी शेंडे, यांजकडून रुपये एकशे साठ फक्त, सुमनबाई बावणे यांस रोख पावले.